पातळ पत्रा

मित्रांनो, तुम्ही कविता मागितली होती, मी वेल्डिंगचं पान पाठवतोय. रागावू नका. मोर्चातून घरी आल्यावर चूल पेटवायची असते आणि ती हातातल्या हुन्नरावर पेटते. म्हणून हे लिहिलं.

आमचा आजा मुंबईच्या गिरणीत रिंग खात्यात होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, पुष्कळांना परत आत जाताच आलं नाही. आजा त्यातलाच. गावी आला तेव्हा त्याच्या बोटांना एकच काम येत होतं, तुटलेला धागा जोडायचं. गावात रिंग फ्रेम कुठली? त्याच्या आधीच्या पिढीला तर मुंबईच्या किती गिरण्यांत विणाई खात्यात पाऊल ठेवू देत नव्हते. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढायला लागायचा आणि आपलं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याला चालत नव्हता. पगार मात्र त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. धोट्याला जात कळत नव्हती. ती माणसांनी त्याला शिकवली.

मी आज सूतगिरणीत रात्रपाळीला आहे. दिवसा चार तास गॅरेज. पहिल्या गॅरेजात मालकानं नाव विचारलं, मग आडनाव, मग म्हणाला, "कुठल्या गल्लीतला रं तू?" सात महिने झाडू, चहा आणि ग्राइंडर. टॉर्चकडं बघितलं की उस्ताद म्हणायचा, "तुझं काम नव्हं ते." मशिनची बटणं फिरवताना तो माझ्याकडं पाठ करायचा. मी ते गॅरेज सोडलं. भंगाराच्या शेडमध्ये एक म्हातारा मिस्त्री भेटला. त्यानं गल्ली विचारली नाही. म्हणाला, "काच लाव आणि बस शेजारी." त्यानं दिलं ते इथं उघडं करतो. लपवलेला हुन्नर म्हणजे कुलूप घातलेला पाणवठा.

गाडीच्या अंगाचा पत्रा साधारण पाऊण ते एक मिलिमीटर. सळईचं वेल्डिंग लावलं की भोक पडतं. म्हणून मिग. गॅरेजात याला सीओटू म्हणतात. टॉर्चमधून तार आपोआप येते, तिच्याभोवती गॅस येतो आणि वितळल्या लोखंडाला हवा लागू देत नाही. तार ०.६ मिलिमीटरची घ्या, नाहीतर ०.८ ची. नुसता सीओटू गॅस स्वस्त, पण ठिणग्या नि ताप जास्त. परवडत असेल तर आरगॉनमध्ये २० ते २५ टक्के सीओटू मिसळलेला घ्या. मिनिटाला ८ ते १२ लिटर पुरे. पंखा बंद ठेवा, वाऱ्यानं गॅस उडाला की जोडावर देवीच्या वणासारखी छिद्रं पडतात. गॅसवर काम असेल तर टॉर्च पॉझिटिव्हला. करंट ३० ते ५० अँपिअरच्या दरम्यान ठेवून सुरू करा. तारेचा वेग जमला की भजी तळल्यासारखा एकसारखा चर्र आवाज येतो. फट्‌फट् आवाज आला आणि तार टॉर्चला मागं ढकलायला लागली, तर वेग जास्त झालाय.

आधी गंज कापा. पिनानं टोचून बघा, पिन आत गेली तर अजून कापा. कुजक्या पत्र्यावर जोड बसत नाही. दोन्ही बाजूंचा रंग बोटभर रुंद घासून लोखंड चमकवा, आर्थिंगचा चिमटाही चमकत्या जागीच लावा. नवा तुकडा भोकात बसवा, चारी बाजूंनी पत्र्याच्या जाडीएवढी फट ठेवा, चिमट्यांनी घट्ट धरा.

आता खरी गोष्ट. सलग रेघ ओढायची नाही. टाका मारायचा. बटण सेकंदभर दाबा, सोडा. एक टाका या टोकाला, दुसरा त्या टोकाला, तिसरा मध्ये. मग दोन टाक्यांच्या मध्ये एकेक. बोट ठेवता येईल इतकं थंड झाल्याशिवाय शेजारी दुसरा टाका नाही. एका जागी ताप साठला की पत्रा फुगतो आणि थंड होताना आखडतो. मग बॉनेट पापडासारखं वाकडं होतं. पाणी ओतून थंड करू नका. भोक पडलंच तर मागं तांब्याची पट्टी धरा. तांबं ताप ओढून घेतं आणि लोखंड त्याला चिकटत नाही.

पहिला महिना भंगारातल्या दारावर, फ्रीजच्या पत्र्यावर हात बसवा. जोडाची मागची बाजू बघा. मागं बारीक उंचवटा दिसला तर जोड आत उतरलाय. द्राक्षासारखा नुसता वर बसलाय तर कच्चा. तुकडा वाकवून फाडा. जोड सुटता कामा नये, शेजारचा पत्रा फाटला पाहिजे. गाडीचे खांब, चासी, सीटबेल्टची जागा नवशिक्यानं धरू नये. नव्या गाड्यांच्या खांबांत जादा ताकदीचं पोलाद असतं, तापवलं की त्याची ताकद जाते. तिथं माणसाचा जीव बसलेला असतो.

आणि तुमचाही जीव. १० नंबरची काच वापरा. उघड्या डोळ्यांनी बघितलं तर रात्री डोळ्यात वाळू ओतल्यासारखं होतं. गिरणीतून आलेल्या शर्टावर कापसाचे तंतू असतात, झटकून या, ठिणगी धरतात. टेरिकॉट घालू नका, वितळून कातडीला चिकटतं. जस्त चढवलेल्या पत्र्याचं जस्त आधी घासून काढा. त्याचा धूर घेतला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. नाकाला रुमाल बांधून तो धूर अडत नाही, तोंड धुरातून बाहेर ठेवा, दारं उघडी ठेवा. बॅटरीची वायर काढा. पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा, रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, तिच्यात वाफ असते. काम झाल्यावर अर्धा तास तिथंच थांबा. गाडीच्या आतलं फोम उशिरा पेटतं.

उस्ताद मंडळी म्हणतात, हे रक्तात असावं लागतं. माझ्या रक्तात कापसाची धूळ आहे, तरी टाके पडतात. पाच पोरं मिळून जुनं मशिन घ्या. वस्तीत रविवारी वाचनालय उघडतंच, त्याच्या मागच्या पडवीत बसवा. पोरींनाही बोलवा, टाका त्यांना आधीच कळतो. जो येईल त्याला गल्ली विचारू नका.