छिद्र जन्माचं, निदान चाळिशीत

खासबाग, वडगाव, शहापूर हा बेळगावातला मागवाल्यांचा पट्टा. इथे कुणाला धाप लागली की पहिला संशय सुताच्या धुळीवर, दुसरा दम्यावर. बाई असेल तर ‘रक्त कमी आहे’ हे ठरलेलं. यातलं काहीही खरं असू शकतं. पण एकदाही एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, न काढता वर्षानुवर्षं पंप ओढत राहायचं, हे मला पटत नाही. धापेचं मूळ कधी हृदयातही असतं.

*

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र राहिलं तर डावीकडचं शुद्ध रक्त उजवीकडे येतं आणि पुन्हा फुप्फुसात जातं. उजवी बाजू ही ज्यादा हमाली तीस-चाळीस वर्षं निमूट करते. मग जिना चढताना दम, छातीत धडधड, पायाला सूज. बायकांच्या बाबतीत बऱ्याचदा पहिल्या बाळंतपणात कळतं, पुरुषांच्या बाबतीत नोकरीच्या मेडिकलमध्ये.

*

6 मे 1953. फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीन लावून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली ती याच छिद्राची. रुग्ण 18 वर्षांची मुलगी. तरीही आपल्याकडे ‘काळजाला भोक’ म्हटलं की डोळ्यांपुढे तान्हं मूलच येतं.

*

अभिनेत्री मधुबाला. जन्मापासून हृदयात छिद्र. लंडनला जाऊन आली, पण तिथल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला नाही. 23 फेब्रुवारी 1969 ला मुंबईत गेली, वय 36. पोस्टर सगळ्यांच्या लक्षात आहे, आजार कुणाच्या नाही.

*

उशिराची खरी किंमत वेगळीच आहे. छिद्र मोठं असेल तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या कडक होतात, दाब चढतो आणि शेवटी प्रवाह उलटा फिरतो. ओठ, नखं निळी पडतात. आयझेनमेंगर यांनी 1897 मध्ये वर्णन केलेली ही अवस्था. तिथे छिद्र बुजवलं तर रुग्णाच्या जिवावरच बेततं, कारण चढलेल्या दाबाला तेवढीच एक वाट उरलेली असते. गरोदरपण तर अतिशय धोक्याचं. म्हणून मोठ्या माणसात आधी फुप्फुसाचा दाब मोजतात, मगच ऑपरेशनचं ठरवतात.

*

‘आधी लग्न होऊ दे, मग बघू.’ मुलीच्या छातीवर व्रण नको म्हणून ऑपरेशन लांबवणारी घरं आहेत. सासरी लपवायचं आणि ते बाळंतपणात उघडं पडायचं. ही माया नव्हे. शिवाय पडद्याच्या मध्यावरचं छिद्र, भोवती पुरेशी कड असेल तर, मांडीच्या शिरेतून ‘छत्री’ नेऊन बंद करता येतं. छाती उघडावी लागत नाही. बाकीच्या प्रकारांना मात्र ऑपरेशनच.

*

पैशाचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, पण तो 18 वर्षांपर्यंत. पुढे रेशनकार्ड घेऊन आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकच्या खिडकीवर. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने कर्नाटकातल्या सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, त्यावर कर्नाटकने हरकत घेतली. वाद आपल्या जागी राहू दे. रुग्णानं दोन्ही दारं ठोठावावीत.

*

निपाणीकर ऑपरेशनसाठी कोल्हापूर गाठतो. खासबागेतल्या माणसाला तीही धावपळ नाही. हृदयाची शस्त्रक्रिया बेळगावातच होते. तरी उशीर होतो. कारण अंतर नाही, ‘बघू पुढं’ हे आहे.

*

ज्यांचं ऑपरेशन लहानपणीच झालं त्यांच्यासाठी. निळ्या बाळांचं, म्हणजे फॅलोट नावाच्या जन्मजात हृदयदोषाचं, ऑपरेशन झालेली मुलं आता तिशीत आहेत, संसारात आहेत. त्यांच्यातल्या अनेकांची फुप्फुसाकडची झडप गळत असते आणि पुढे ती बदलावी लागते. त्रास जाणवण्याआधीच उजवा कप्पा फुगत जातो. तेव्हा ऑपरेशनची जुनी फाइल माळ्यावरून काढा, दात किडू देऊ नका (तिथला संसर्ग हृदयापर्यंत जाऊ शकतो), आणि बरं वाटत असलं तरी डॉक्टर सांगतील तेव्हा एको काढून या.