बँकर किती आहेत?

गेल्या शनिवारी कर्जतला पुन्हा एकदा खोपोली लोकल चुकली. घर खोपोलीला, म्हणजे खालापूर तालुक्यात, त्यामुळे पुढच्या लोकलची वाट बघण्याला पर्याय नाही. मग काय, वडापाव घेतला आणि बाकावर बसलो. डोक्यात मात्र शुक्रवारची मीटिंग!

आमच्या टीमकडे सध्या प्रोजेक्ट पाच आणि माणसं सात. या सगळ्याचा हिशोब ठेवायला दोन वर्षांत चार टूल्स झाली. एक्सेलमध्ये कोणाची फाइल लेटेस्ट हेच कळेना. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टचा गँट चार्ट दिसायला झकास, पण रोज अपडेट करणार कोण? २०११ साली आलेलं ट्रेलो सोपं, पण पाच प्रोजेक्ट म्हणजे पाच बोर्ड. शेवटी जिरा. २००२ मध्ये बग नोंदवायला आलेलं हे टूल आता वाट्टेल ते नोंदवतं. तिथेही आम्ही पाच बोर्डच केले! तरी दोन डिलिव्हरी एकाच आठवड्यात घसरल्या, आणि मी पाचव्या टूलचा प्रस्ताव घेऊन मीटिंगला गेलो.

तेव्हा आमची टेस्टर शांतपणे म्हणाली, "पाचही बोर्डांवर मीच आहे. भावाच्या लग्नाची रजा मी रद्द केली, ते कुठल्या बोर्डावर दिसलं?"

मला काही बोलताच आलं नाही.

समोर पुण्याकडे जाणारी एक्सप्रेस उभी होती. मागे बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, जोडणं चालू होतं. बोरघाटाचा चढ ३७ ला १. गाडी कितीही वेळेवर येवो, बँकर लागल्याशिवाय बहुतेक गाड्या वर जात नाहीत. म्हणजे नुसतं गाड्यांचं टाइमटेबल पुरत नाही, कुठलं इंजिन कुठे आहे तेही बघावं लागतं. एकच इंजिन एकाच वेळी दोन गाड्यांमागे कोणी लावत नाही. आम्ही मात्र एका टेस्टरला पाच गाड्यांमागे लावलं होतं!

सोमवारी नवीन टूल घेतलं नाही. जिरातच पाचही प्रोजेक्टचा एक बोर्ड केला, आडव्या पट्ट्या माणसांच्या नावांच्या. टेस्टिंगच्या रकान्याला मर्यादा दोनची. तिसरं काम थांबेल. ही सोय आधीपासून होती, आम्ही कधी उघडलीच नव्हती. यापुढे टूल निवडताना माझा पहिला प्रश्न एकच: बुधवारी अमुक माणूस कुठकुठल्या प्रोजेक्टवर आहे, हे एका नजरेत दिसतं का?

एका क्लायंटला तारीख आठवडाभर पुढची सांगावी लागली. बोलणी मी खाल्ली. असो.

टेस्टर आज लग्नात आहे.