पाठीची रजा

कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता मी अठरा वर्षे शिकवतो आहे. ती शिकवताना मी आपोआप ताठ उभा राहत असे. पण मलाही हाडामांसाचा एक कणा आहे, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती गेल्या वर्षी होळीच्या सुमारास, ऐन वर्गात, खाली पडलेला खडू उचलताना. वाकलो तो वाकलेलाच राहिलो. पहिल्या बाकावरच्या मुलांना वाटले, सर काहीतरी शोधताहेत!

कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून मज्जातंतूवर दाबते आहे, असे निदान झाले. दुखणे कंबरेत आणि कळ मात्र डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत! गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, हा न्याय शरीरातही चालतो. १९३४ साली बॉस्टनच्या मिक्सटर आणि बार या दोन शल्यवैद्यांनी पायातल्या असल्या कळेचे मूळ सरकलेल्या गादीत असू शकते, हे दाखवून दिले. बहुतेकांचे हे दुखणे औषध, व्यायाम आणि सबुरी यांनी निवते. माझे निवले नाही. सप्टेंबर उजाडला तेव्हा डॉक्टर म्हणाले, “आता शस्त्रक्रिया करू. पण इतक्यात नाही. साखर वाढली आहे, ती खाली आणा. सिगारेट आजपासून बंद, तिच्यामुळे जखम भरायला वेळ लागतो. आणि नुसते पडून राहू नका. रोज चाला.”

आमच्या धाराशिवकडच्या माणसाला अशा वेळी तेरचे गोरोबाकाका आठवायचेच. थापटण्याने एकेका संताचे डोके ठोकून त्यांनी कोणते मडके कच्चे ते सांगितले, अशी आख्यायिका आहे. डॉक्टरांची रबरी हातोडी माझ्या गुडघ्यावर पडली तेव्हा माझाही नामदेव झाला. हे मडके अजून भाजायचे होते.

ते भाजून घेण्यासाठी महिन्याची रजा टाकून मी बेंबळीला आईकडे आलो. “कंबर धरली आहे, हवापालट सांगितला आहे,” एवढेच तिला सांगितले. शस्त्रक्रियेचे नाव काढले नाही. तिला काळजी नको म्हणून, असे मी पत्नीला पटवले होते. खरे म्हणजे तो शब्द उच्चारायची मलाच भीती वाटत होती. उठलो आणि पायच उठला नाही तर?

गावात कंबर धरलेल्या माणसाला उपचारांचा तोटा नसतो. पायाळू माणसाची लाथ बसली की उसण जाते, ही समजूत अजून म्हातारी झालेली नाही. पारावर एका दिवसात मला दोन पायाळू सुचवण्यात आले. त्यांतला एक शाळेत माझ्याच बाकावर बसत असे. गणिताच्या पेपरात मी त्याला माझी वही दाखवली नव्हती, याची त्याला अजून आठवण असावी, असे त्याच्या उत्साहावरून वाटले. मी हात जोडून सुटलो.

दिवस सोयाबीनच्या सुगीचे. गावातल्या सगळ्या पाठी रानात वाकलेल्या, आणि वाकायची बंदी असलेली माझी एकट्याची पाठ बांधावरून फेऱ्या घालते आहे! बायका विळ्याने सपासप कापत पुढे सरकत. त्यांत आईही असे. सत्तरीची, आणि उभी राहिली तरी अर्धी वाकलेली. १९७२ च्या दुष्काळात, पोरवयात, तिने खडी फोडली होती, सुकडीवर दिवस काढले होते. तिच्या पाठीचा एक्स-रे कधी कोणी काढला नाही आणि रजेचा अर्जही कोणी लिहिला नाही. बांधावर मला चोरट्यासारखे वाटे.

शस्त्रक्रियेनंतर बिछान्यातून उठायची रीत डॉक्टरांनी आधीच शिकवून ठेवली होती. अंग पिळायचे नाही. ओंडका कलावा तसे खांदा आणि कंबर एकदम कुशीवर वळवायची, पाय खाटेखाली सोडायचे आणि हाताच्या रेट्याने उठून बसायचे. आई उठण्यापूर्वी मी याचा सराव करी. एके पहाटे ओंडका तिसऱ्यांदा कलला, तो समोर आई उभी.

“कापायचं हाय नव्हं?”

“हो.”

“कवा?”

“दिवाळी झाल्यावर.”

“मग सांगायचं न्हाई व्हय?”

मी गप्प राहिलो. ती खाटेच्या कडेला टेकली. विळ्याने घट्टे पडलेला तिचा हात माझ्या पाठीवरून एकेक मणका मोजत खाली आला आणि बरोबर दुखऱ्या जागी थांबला. तीच जागा शोधायला शहरात मला त्या बोगद्यासारख्या एमआरआय यंत्रात घालावे लागले होते.

“हितंच ना? माझंबी हितंच हाय.”

मी तीन आठवडे लपवले म्हणून ती रागावली होती. तिने पन्नास वर्षे लपवले होते, आणि त्यात तिला काही वावगे वाटत नव्हते.

पुढे शस्त्रक्रिया नीट झाली. तिच्याविषयी सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. मी झोपलोच होतो. पण त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती बाजेच्या करकरण्याने. आई आपल्या बाजेवर उताणी पडून कुशीवर वळायची खटपट करीत होती.

“पुन्यांदा दाव रं,” ती म्हणाली. “माझा खांदाच आदी जातुय.”