पुस्तकांना ऊन दाखवायचे दिवस

यंदा पावसाने सप्टेंबर संपेपर्यंत पाठ सोडली नाही. दसरा झाला आणि एका सकाळी ऊन पडलं, चांगलं चटका देणारं. घरात लगेच धावपळ सुरू झाली. बायकोने गोधड्या गच्चीवर नेल्या. आईने कडधान्यं परातीत पसरली. मी माझी पुस्तकं काढून सतरंजीवर उघडी ठेवली. चार महिन्यांची ओल कागदात मुरलेली असते. ऊन लागलं की पानांना जो वास सुटतो, तो मला अत्तराहून आवडतो.

आमच्या सातारा जिल्ह्यात हे दिवस सुखाचे. पहाटे थोडं धुकं, दुपारी डोकं तापवणारी ऑक्टोबर हीट, संध्याकाळी पुन्हा हवेत गारवा. बाजारात सीताफळांचे ढीग. उकडलेल्या शेंगा, वर थोडं मीठ. कोजागरीला गच्चीवर मसाला दूध झालं. नदीच्या घाटावर शेपटी वरखाली करणारे परीट पक्षी परत आलेत. पूर्वी मी त्यांना नुसतं 'पक्षी' म्हणायचो. नाव विचारायची सवय मारुती चितमपल्लींनी लावली.

चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्याआधी मे महिन्यात जयंत नारळीकर गेले. म्हणून यंदाच्या पितृपक्षात मी ठरवलं की गेलेल्यांनाच वाचायचं. 'चकवाचांदण' पुन्हा वाचलं. जंगलखात्यात उभी हयात घालवलेला हा माणूस पारध्यांकडून, आदिवासींकडून मोकळ्या मनाने शिकत राहिला. नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा गणपती नुकतेच गेलेले असताना वाचली. शाळेत असताना ती वाचून मी आरशासमोर किती वेळ उभा राहिलो होतो, ते आठवलं.

तिसरं नाव दुर्गाबाई भागवतांचं. त्यांचं 'ऋतुचक्र' १९५६ सालचं, बारा महिन्यांवरचे लेख. आश्विनावरचा लेख आश्विनातच वाचावा असं मनात होतं. माझी प्रत कुणीतरी नेली ती परत आलीच नाही. ऑनलाइन मागवायला फोन हातात घेतला, आणि सहज वाटलं, आपल्या वाचनालयात असेलच की.

इथे एक कबुली देतो. पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला होता तेव्हा मी याच भिंतीवर दहा तरी पोस्टी टाकल्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा पेढे वाटल्याचा फोटोही टाकला. लाइक भरपूर आले. पण आमच्या गावच्या वाचनालयाची पायरी मी सहा वर्षं चढलो नव्हतो.

गेलो तर दारातच पुस्तकं वाळत घातलेली. ग्रंथपाल ताई एकट्याच गठ्ठे उचलत होत्या.

"या दादा. आज इकडं कुठं?"

"ऋतुचक्र आहे का बघायला आलो."

"असेल. पण वर्गणी थकलीय तुमची, २०१९ पासून." हसत म्हणाल्या, पण मला लागायचं ते लागलं. महिना तीस रुपये. तेवढ्याचा तर मी दिवसाला चहा पितो.

मीही बाह्या वर केल्या. दोन तास आम्ही कपाटं रिकामी केली. कडुनिंबाचा वाळला पाला फळ्यांवर पसरला. खालच्या फळीतल्या काही पुस्तकांत वाळवीने बोगदे केले होते. कोपऱ्यात एक वेगळा गठ्ठा होता, बाद करायच्या यादीतला. कुणी नेत नाही आणि ठेवायला जागा नाही, अशा पुस्तकांचा. 'ऋतुचक्र' त्याच गठ्ठ्यात सापडलं.

मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी होती. शेवटचा शिक्का २०११ चा. खिशातलं जुनं कार्ड बाहेर काढलं आणि वरून तिसऱ्या ओळीवर नजर थांबली. सभासद क्रमांक २१४, साल १९७८. तो नंबर मला पाठ आहे. लहानपणी पुस्तक बदलायला अण्णा मलाच पाठवायचे, "दोनशे चौदा सांग" म्हणून.

अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली. पितृपक्षात त्यांच्या नावाने पान वाढलं होतं, आणि ते मला भेटले इथे, बाद करायच्या गठ्ठ्यात.

१९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनाची गोष्ट ते नेहमी सांगायचे. आणीबाणी लागलेली. दुर्गाबाई अध्यक्ष, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष. समोर सरकारातले मंत्री असताना बाईंनी व्यासपीठावरून जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली ती मुंबईच्या एशियाटिकच्या ग्रंथालयात. अण्णा म्हणायचे, "फुलापानांवर लिहिणारी बाई, पण कणा बघ." ते वाक्य मला भाषण वाटायचं. आता कळतं की त्यांनी आधी बाईंना ऐकलं आणि मग तीन वर्षांनी त्यांची फुलंपानं वाचली. पुस्तक विकत घ्यायची ऐपत नव्हती. वाचनालय होतं म्हणून वाचली.

आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे. अ, ब, क, ड असे वर्ग, त्याप्रमाणे अनुदान. त्यातच पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि विजेचं बिल बसवायचं. ताईंना महिन्याला काय मिळतं ते त्यांनी सांगितलं. मी इथे लिहीत नाही, त्यांना संकोच वाटेल. एवढंच सांगतो, त्या सकाळी वाचनालय उघडतात आणि दुपारी घरी शिवणकाम करतात. अनुदान वेळेवर आणि पुरेसं मिळालं पाहिजे, ही मागणी आपण केलीच पाहिजे. पण सभासदच उरले नाहीत तर कुणाच्या नावाने मागायचं?

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. कलामांच्या फोटोला हार घालून, शाळेच्या मुलांच्या हातात पुस्तकं देऊन फोटो निघतील. निघू देत. पण सोळा तारखेला ती मुलं वाचनालयात गेली तर दार उघडं असायला हवं.

दिवाळी तोंडावर आली आहे. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवायची आपली रीत पडली. आज चार चांगले अंक विकत घ्यायचे तर हजारेक रुपये मोडतात. बऱ्याच वाचनालयांत दिवाळी अंकांची योजना असते, एकदा पैसे भरा आणि पुढचे काही महिने अंक बदलून न्या. आमच्याकडे गेल्या वर्षी या योजनेला एकोणीस जण होते. पंचवीस झाले तर ताई आणखी दहा अंक मागवणार आहेत. विसावं नाव माझं लागलं. पाच हवेत. गावातल्यांनी मनावर घ्यावं. बाहेरगावी असलेल्यांनी आपापल्या गल्लीतलं वाचनालय शोधावं.

थकलेली वर्गणी भरली. 'ऋतुचक्र' यादीतून काढून घेतलं. ताईंनी शिक्का मारला. २०११ च्या खाली आता माझी तारीख आहे. चौदा वर्षं मध्ये रिकामी गेली.

पंधरा दिवसांत परत करायचं आहे. त्यानंतर कुणाला हवंय, सांगा. नंबर लावून ठेवतो.