एका स्क्रूखाली दोन वायरी

बावड्यात इंदापूर-अकलूज रस्त्याच्या दोन्ही अंगांना स्लॅबची घरं उभी राहिली, पण आतल्या वस्त्यांवर आणि सुरवड-भांडगावकडच्या जुन्या घरांत विजेची सागवानी फळी अजून भिंतीवर आहे. फळीवर लोखंडी मेनस्विच, खाली चिनीमातीच्या किटकॅटची, म्हणजे फ्यूजच्या पकडींची रांग आणि तिथून आढ्यापर्यंत लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली वायर. ज्यांनी हे काम केलं त्यांचा हात चांगला होता. त्या काळच्या घराला ते पुरायचं: खोलीला एक दिवा, सोप्यात पंखा, रेडिओसाठी पाच अँपिअरचा प्लग. पुढं उसाचा पैसा आला, फ्रीज आला, मिक्सर आला, हौदावर मोटर बसली, न्हाणीत गिझर लागला. फळी मात्र होती तेवढीच राहिली. नव्या किटकॅटला जागा नाही, म्हणून नवी वायर जुन्याच किटकॅटच्या स्क्रूखाली दाबली गेली.

अशा फळ्या उतरवून तिथं एमसीबीचा, म्हणजे जास्त लोडला आपोआप पडणाऱ्या स्विचांचा, डीबी (डबा) बसवणं हे माझं काम आहे, आणि फळीपुढं उभा राहिलो की माझी नजर आधी त्या स्क्रूवर जाते.

लाखेवाडीच्या बाजूला एका वस्तीवर हल्लीच असा किटकॅट काढला. वरची पकड ओढली तर चिनीमाती तपकिरी पडलेली. आत फ्यूज वायर नव्हतीच. कुणीतरी फ्लेक्झिबल वायरीच्या तारा पिळून बांधल्या होत्या. खालच्या स्क्रूखाली दोन वायरी होत्या. एक जुनी ३/२२, म्हणजे बावीस गेजच्या तीन तारांची, जेमतेम सव्वा चौरस मिलिमीटरची. दुसरी अॅल्युमिनियमची. अॅल्युमिनियम स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतं, पकड ढिली होते, वर गंज धरतो आणि सांधा तापायला लागतो. त्या वायरीचं इन्शुलेशन बोटभर लांबीत कडक होऊन तडकलं होतं. वाकवलं की पापुद्रे गळत होते. घरातल्या आजी म्हणाल्या, “हितनं उन्हाळ्यात जळका वास येतूया, पण फ्यूज काय जात न्हाई.” तो जाणारच नव्हता. मिक्सर, फ्रीज आणि दोन खोल्यांचे दिवे एका किटकॅटवर, आणि आत पिळलेल्या तारांचा जाड दोर. वायर जळाली असती, पण फ्यूज शाबूत राहिला असता.

जुन्या फळ्यांवर आणखी एक गोष्ट सापडते: न्यूट्रललाही किटकॅट. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी न्यूट्रलमध्ये असा कटआउट टाकायला मनाई केली होती, तरी जुनी रीत कितीतरी घरांत राहून गेली. न्यूट्रलचा फ्यूज गेला की दिवा विझतो, माणसाला वाटतं लाईट गेली, आणि होल्डरमध्ये फेज तसाच जिवंत असतो. म्हणून मी टेस्टरच्या एका टिकलीवर विश्वास ठेवत नाही. टेस्ट लॅम्प आधी चालू पॉइंटवर लावून बघायचा, मग फळीवर, मग पुन्हा चालू पॉइंटवर. मेनस्विच बंद केला तरी मीटरकडून येणारी त्याची वरची बाजू जिवंतच असते. आणि हल्ली घरोघरी इन्व्हर्टर आहे. मेन बंद, पण इन्व्हर्टर मागून वीज देतोय, हे आधी विचारून घ्यायचं.

खरा वेळ जातो तो ओळख पटवण्यात. घरातले सगळे दिवे-पंखे चालू करायचे, एकेक पकड काढायची आणि काय बंद पडलं ते घरच्या पोराला ओरडून सांगायला लावायचं. प्रत्येक वायरीला टेप लावून आकडा टाकायचा. कुठला किटकॅट काढल्यावरही एखादा पंखा मंदसा फिरत राहिला, तर समजायचं की दोन सर्किटं कुठंतरी आत मिसळली आहेत. ते सोडवल्याशिवाय पुढं जाऊ नये. दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत असतील आणि त्यांतलं एकच नव्या आरसीसीबीवर असेल, तर लोड लावताच तो पडतो. मग दोष आरसीसीबीला लागतो, कुणीतरी तो काढून सरळ जोडून देतो आणि शॉकपासून माणसाला वाचवणारी ३० मिलिअँपिअरची राखण घरातून जाते.

माझा भाचा न्यूजर्सीत असतो. त्यानं जुन्या घराच्या पॅनेलचा फोटो पाठवला, तर तिथंही हीच गत. एका खोबणीत दोन अर्ध्या उंचीचे ब्रेकर, त्यांना टँडेम म्हणतात. १९६५ च्या सुमारास तिथं नियम बदलला आणि तेव्हापासून टँडेम ठरलेल्या खोबणीतच बसतील अशी पॅनेलं निघाली. त्याआधीचे मात्र कुठंही बसतात. शिवाय टँडेमचे दोन्ही फेज एकाच बाजूचे. ज्या दोन सर्किटांना न्यूट्रल सामाईक आहे, तिथं असा ब्रेकर लावला तर दोन्हींचा करंट वजा न होता न्यूट्रलवर बेरीज होऊन येतो, आणि न्यूट्रलला ब्रेकर नसतो. मी त्याला लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवायला सांगितलं.

नवा डीबी बसला की आठवड्यात फोन येतो: “वायरमन, ह्यो सारखा पडतोय, जरा मोठा बसवा की.” मी बसवत नाही. फ्यूजची तार तिच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट करंटला वितळते. एमसीबी मात्र दीडपटीच्या आत, तासाभरात पडतो. म्हणजे पंधराचा किटकॅट जो लोड वर्षानुवर्षं मुकाट सोसत होता, तो सोळाचा एमसीबी सोसणार नाही. लोड आधीपासूनच जास्त होता. एमसीबीचा आकडा भिंतीतल्या वायरीवरून ठरतो. तांब्याच्या दीड चौरस मिलिमीटरला सहा किंवा दहा, अडीचला सोळा, आणि गिझरला चारची वेगळी वायर. अॅल्युमिनियम असेल तर आणखी खाली उतरावं लागतं, किंवा वायरच बदलावी. हौदावरच्या मोटरला सुरुवातीचा झटका असतो, तिथं ‘सी’ प्रकारचा एमसीबी लागतो. पण एका एमसीबीखाली एकच सर्किट. जागा कमी पडली तर मोठा डीबी घ्यावा. चार पैसे जास्त जातात, पण त्याच्याइतका स्वस्त विमा घराला दुसरा मिळणार नाही.

तुमच्या घरात अशी फळी असेल तर स्वतः उघडू नका. परवानाधारक वायरमनला बोलवा, आणि काम संपल्यावर प्रत्येक एमसीबीखाली मराठीत, ठळक अक्षरात लिहून घ्या: स्वयंपाकघर, न्हाणी, मोटर. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर तो पडला नाही, तर त्याच दिवशी बदला.