चाकोरी आणि दुचाकी

काही शब्द अध्यापकाच्या तोंडी इतके रुळतात की त्यांचा अर्थ आपल्याला माहीत आहे की नाही, हा प्रश्नच उरत नाही. ‘चाकोरीबाहेरचा’ हा त्यांपैकी एक. गेली अठरा-वीस वर्षे आम्ही दोघांनी तो शेकडो उत्तरपत्रिकांत वाचला, गुण दिले, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर स्वतःच्या परीक्षणांतही सढळ हाताने वापरला. चाकोरी म्हणजे सोपे, सुरक्षित, रुळलेले. आणि तिच्याबाहेर म्हणजे धाडस, प्रयोग, नवता. हे समीकरण चुकीचे आहे हे आम्हांला कोणा समीक्षकाने सांगितले नाही. ते २०२२च्या श्रावणात, जळकोट तालुक्यातल्या एका पांदणीत, मोटारसायकलीखाली पाय अडकलेला असताना कळले.

आधी थोडी पार्श्वभूमी. जळकोट हा लातूर जिल्ह्यातला, बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेला, १९९९ साली वेगळा झालेला छोटा तालुका. एका अंगाला उदगीर, दुसऱ्या अंगाला नांदेड जिल्ह्यातला मुखेड. माळावर मुरूम आणि खडक, उतरणीला ओघळी, आणि खाली सखल भागात काळी जमीन. या डोंगरांच्या कुशीत बंजारा समाजाचे तांडे पुष्कळ आहेत. २०२२च्या एप्रिलमध्ये उदगीरला ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले; तेथील मांडवातून परतताना, बोलीभाषांच्या काळजीने मन भरून आलेल्या अवस्थेत, आम्ही तांड्यांवरील तीजेची गाणी ध्वनिमुद्रित करून उतरवून घेण्याचा निश्चय केला. (संमेलनातून परतताना माणसे असले निश्चय करतातच, आमचा टिकला याचे आम्हांलाही नवल वाटते.) आमच्या एका विद्यार्थिनीची आजी तांड्यावर ही गाणी सांगणारी म्हणून प्रसिद्ध होती.

अडचण होती ती पंचांगाची. तीज येते श्रावणात. मुली टोपल्यांत गहू पेरतात, रोज गात गात त्यांना पाणी घालतात, आणि शेवटी उगवलेल्या तीजेचे विसर्जन होते. दसरा-दिवाळी झाली की निम्मा तांडा ऊसतोडीला निघून जातो आणि कारखान्यांच्या परिसरातल्या कोप्यांत राहतो. म्हणजे माणसे घरी आणि गाणी ओठांवर असतात ती नेमकी रस्ता नसण्याच्या दिवसांत. उन्हाळ्यात जीप जाईल, पण तेव्हा गाणे नाही. त्या आजींच्या तांड्याकडे जाणारी शेवटची साडेतीन-चार किलोमीटर वाट म्हणजे निम्मा माळ आणि निम्मी पांदण. महाविद्यालयात येण्याजाण्याच्या आमच्या स्कूटरला ती झेपणारी नव्हती.

म्हणून गाडी घ्यायची ठरली. दोघांनी मिळून, अर्धे-अर्धे पैसे घालून. येथे आमच्यातला साहित्याचा अध्यापक आडवा आला. माहितीपत्रक हीही एक संहिता आहे आणि तिच्यात विशेषणे क्रियापदांपेक्षा जास्त असतील तर सावध व्हावे, हे आम्ही मुलांना शिकवतो. तरीही डोंगरकड्यावर उभ्या गाडीचे चित्र आणि ‘अॅडव्हेंचर’ हा शब्द पाहून आम्ही २०० किलोच्या घरातली एक भारदस्त गाडी, जुनी पण उत्तम अवस्थेतली, घेऊन टाकली. डांबरी सडकेवर दोन किलोमीटर चालवून पाहिली. ती राजहंसासारखी चालली. गाडीत दोष काहीच नव्हता. लांब पल्ल्याच्या, मुरलेल्या चालकासाठी ती केलेली होती, आणि आम्ही नवशिके होतो.

पडलो तेव्हा वेग चालण्याइतकाही नव्हता. पांदणीत बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरने पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या, मध्ये उंचवटा. आम्ही एका चाकोरीत होतो. पुढे पाणी साचलेले दिसले म्हणून हँडल वळवून उंचवट्यावर चढू पाहिले. पुढचे चाक चाकोरीच्या भिंतीला घासत राहिले, मागचे घसरले, आणि गाडी आडवी झाली. मागे बसलेला उडी मारून सुटला. पुढच्याच्या पायावर गाडी. त्या चिखलात एकट्याने ती उचलणे शक्यच नव्हते. शेजारच्या रानातून दोन माणसे धावत आली तेव्हा कुठे पाय निघाला. घोट्याच्या वरच्या बारीक हाडाला चीर, सहा आठवडे प्लॅस्टर. त्या वर्षीची तीज गेली.

त्या सहा आठवड्यांत आम्ही चाकोरीवर बराच विचार केला. या शब्दाचा मूळ अर्थ गाडीच्या चाकांनी पडलेली वाट. बैलगाडीला ती सोयीचीच, कारण तिची दोन चाके शेजारी-शेजारी असतात. तिला तोल सांभाळावा लागत नाही. दुचाकीचे तसे नाही. ती उभी राहते ती सतत किंचित चुकत आणि सावरत. चालवणाऱ्याच्याही नकळत पुढचे चाक क्षणोक्षणी डावीउजवीकडे लववत. चाकोरी नेमकी ती मुभा काढून घेते. तिच्यात चाक सरळ ठेवण्यावाचून इलाज नसतो. शिवाय तिच्यातून बाहेर पडण्याचा प्रयत्न तिरक्या, भित्र्या कोनाने केला की माणूस पडतो. एक तर तिच्यातच राहून, नजर चाकापुढच्या चिखलावर न ठेवता दूरवर ठेवून, पाय न टेकवता, थोड्या थ्रॉटलवर पुढे जात राहावे. नाही तर भिंत जिथे ढासळली असेल तिथे वेग थोडा राखून, शक्य तितक्या मोठ्या कोनात, एकदाच वळावे. अनंत फंदींचा मळलेली वाट न सोडण्याचा उपदेश करणारा फटका आम्ही वर्गात थोड्या विनोदाने शिकवत आलो होतो. आता तसा शिकवत नाही.

दुसऱ्या गाडीची निवड आम्ही माहितीपत्रकावर सोडली नाही. बाजारपेठेतल्या ज्या मिस्त्रीकडे आमची स्कूटर जाते, त्याने आमचा सारा प्रश्न एका वाक्यात मांडला : ‘सर, गाडी पडणारच. पडल्यावर तुमच्याच्यानं उचलती का, ते बघा आधी.’ तेव्हापासून कोणतीही गाडी पाहायला गेलो की आम्ही विक्रेत्याला ती जमिनीवर आडवी करू द्या म्हणत असू. एका दालनात आम्हांला जवळजवळ हाकलूनच दिले.

इंजिनाची ताकद हा नवशिक्याच्या दृष्टीने जवळपास गौण मुद्दा आहे. पांदणीत पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जाण्याचा प्रसंगच येत नाही. महत्त्वाचे ते वजन, आणि त्याच्या खालोखाल आसनाची उंची. आमच्यातल्या एकाची उंची पाच फूट नऊ इंच, दुसऱ्याची पाच फूट तीन. हिरो कंपनीची एक्सपल्स २००, फोर व्हॉल्व्ह, सुमारे १६० किलोची. आसन ८२५ मिलिमीटरवर. बुटक्याची टाच टेकत नाही, पण दोन्ही पायांचे चवडे टेकतात, आणि एका बाजूला थोडे सरकले तर एक पाऊल पुरते टेकते. २०२३च्या मे महिन्यात याच गाडीची ‘प्रो’ आवृत्ती आली. तिचे आसन ८९१ मिलिमीटर, शॉकअपची चाल अधिक लांब, पोट जमिनीपासून अधिक वर. विक्रेत्याला ती खपवायची फार हौस होती. पण ज्याला थांबल्यावर पाय टेकवता येत नाही, त्याला ओघळीच्या मध्यावर थांबण्याची भीती वाटते. आणि भीती वाटली की तो घाई करतो. आम्ही साधी घेतली. (पुढे २०२४च्या अखेरीस कावासाकीची केएलएक्स २३० भारतात आली. १४० किलोच्याही आतली, म्हणून मोह झाला. पण तिचे आसन ८८० मिलिमीटरवर आहे. बुटक्याने नुसते चित्र पाहूनच नमस्कार केला.)

बाकीच्या गोष्टी जमिनीने ठरवल्या. पुढचे चाक २१ इंची हवे, कारण मोठे चाक दगडाला अडखळत नाही, त्यावर चढून जाते. चाके आऱ्यांची हवीत. मॅग व्हील खडकावर आपटून तडकले तर टाकून द्यावे लागते, आऱ्यांचे रिंग वाकले तर मिस्त्री ताणून सरळ करतो. त्याची किंमत अशी की अशा चाकांत बहुधा ट्यूब असते, आणि आमच्या भागात बाभळीच्या काट्यांना तोटा नाही. पंक्चर काढायला शिकणे हा म्हणून गाडी शिकण्याचाच भाग झाला. पुढचा मडगार्ड चाकापासून उंच हवा, हे आम्हांला कोणीही आधी सांगितले नव्हते. काळी माती ओली झाली की टायरला थर-थर चिकटत जाते, चाक आणि खालचा मडगार्ड यांच्यामध्ये गच्च बसते, आणि शेवटी चाक फिरायचेच थांबते. शेतकरी काठीने ती उकरताना आपण पाहतो, पण ते गाडीच्या रचनेशी जोडून पाहत नाही. मऊ जमिनीत टायरमधली हवा थोडी कमी केली की पकड वाढते. मात्र फार कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब चिमटते, आणि सडकेवर परतल्यावर पुन्हा भरावी लागते. म्हणून पायपंप सोबत. आणि बूट. घोट्याच्या वर येणारे, जाड. पहिल्या वेळी आम्ही चपलांवर होतो, हे लिहितानाही लाज वाटते.

शेवटचा मुद्दा सुट्या भागांचा. हिरोने २०११ साली इम्पल्स नावाची अशीच एक हलकी, उंच गाडी काढली होती. ती फार चालली नाही आणि बंद झाली. एक जुनी इम्पल्स आम्हांला स्वस्तात मिळत होती. मिस्त्री नको म्हणाला. गाडी चांगली होती, पण एक केबल तुटली तर कुठे कुठे हिंडावे लागेल, ते त्याला ठाऊक होते.

तर अशी सर्व सिद्धता करून, दोन महिने माळावर पडून-उठून, आम्ही २०२३च्या श्रावणाची वाट पाहू लागलो. तो श्रावण अधिक आला आणि ऑगस्ट कोरडा गेला. मराठवाड्यातच काय, देशभर तेवढा कोरडा ऑगस्ट नोंदींत सापडत नाही. ज्या चिखलासाठी उंच मडगार्ड घेतला तो चिखलच नव्हता. पांदणीत फुफाटा, माळावर सुटे खडे. आम्ही हेल्मेट-बूट घालून, चवड्यांवर उभे राहून, अत्यंत शास्त्रशुद्ध रीतीने तांड्यावर पोहोचलो तेव्हा आमची विद्यार्थिनी, तिचा भाऊ आणि त्याचा मित्र एका जुन्या स्प्लेंडरवर तिघे बसून आमच्या आधी येऊन चहा पीत होते. स्प्लेंडर ११२ किलोची असते.

आजी मात्र वर्षभरात बसल्या होत्या. आवाज होता, पण मधला दुवा निसटत होता. एक लांबलचक गाणे त्यांनी सुरू केले, सातव्या-आठव्या कडव्यापाशी थांबल्या, नातीकडे पाहिले, पुन्हा पहिल्यापासून धरले, पुन्हा तिथेच थांबल्या. ‘गेल्या साली होतं,’ एवढेच म्हणाल्या. मुलींना त्या कडव्यापुढचे येत नव्हते. आमच्या वहीत तेवढी जागा कोरी आहे. गेल्या साली आम्ही प्लॅस्टर घालून घरी बसलो होतो, हे त्यांना सांगण्याची हिंमत झाली नाही. २०२४च्या उन्हाळ्यात त्या गेल्या.

२०२४च्या श्रावणात चिखल मिळाला. तीनदा पडलो, तिन्ही वेळा ज्याची गाडी त्यानेच उचलली. २०२५ साली गेलोच नाही. ऑगस्टच्या मध्याला मुखेडच्या बाजूला असा पाऊस झाला की लेंडीकाठची गावे पाण्यात गेली. ओढ्यातून वाहणाऱ्या, तळ न दिसणाऱ्या पाण्यात घालण्याजोगी गाडी अजून कोणी केलेली नाही, आणि ती निवडण्याचा अधिकार आम्हांला तरी नाही. त्या दिवसांत विद्यार्थिनीने दुसऱ्या तांड्यावरच्या आपल्या मावशीकडून ते गाणे म्हणवून मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून पाठवले. पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात निम्मे शब्द बुडाले आहेत. सातव्या कडव्यापुढचे दोन जागी लागले आहे. बाकीचे आम्ही रोज संध्याकाळी कानाला लावून ऐकतो आहोत. गाडीचा मागचा टायर झिजला आहे, तो पुढच्या श्रावणाआधी बदलावा लागेल.