मुक्काम डीपी ते विहीर

नवीन जालना

प्रिय विद्युतरोधास,

आमच्या एमआयडीसीत रात्रंदिवस भंगार वितळतं आणि त्याच्या सळ्या होतात. त्या इंडक्शन भट्ट्यांत कोळसा नसतो, ज्वाळाही नसते. भट्टीभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यातून उलटसुलट धारा फिरते, तिच्यामुळे भंगाराच्या अंगातही धारा उमटते, आणि लोखंडात दबा धरून बसलेला तू तिला अडवतोस. त्या अडवणुकीच्या उष्णतेनं लोखंडाचं पाणी होतं. टनामागे ५०० ते ६५० युनिट वीज लागते. आता गंमत बघ. ते तांब्याचं वेटोळं पोकळ नळीचं असतं आणि तिच्यातून सतत पाणी खेळवावं लागतं, कारण तांब्यातही तू थोडा आहेसच. एकाच भट्टीत तू भंगारात हवास आणि वीतभर अंतरावरच्या तांब्यात नकोस. हे पत्र त्या नको असलेल्या तुला आहे.

पोरांची आणि तुझी भेट नववीत, ‘धाराविद्युत’ या प्रकरणात होते. विभवांतराला धारेनं भागलं की तू मिळतोस, दोघांचा गुणाकार केला की शक्ती. २३० व्होल्टची १००० वॉटची शेगडी ४.३५ अँपिअर घेते, म्हणजे तू ५३ ओहम. इथवर सगळे बरोबर असतात. व्होल्टेज १८० झालं तर, असं विचारलं की पुष्कळ पोरं ७८३ वॉट लिहून मोकळी होतात. खरं उत्तर ६१२ च्या आसपास, कारण व्होल्टेज पडलं की धाराही पडते आणि फटका दोनदा बसतो.

पण या गणितांत शेगडीपर्यंत येणारी तार म्हणजे आकृतीतली एक रेघ. रेघेला रोध नसतो. आमच्याकडे तू खरा राहतोस तो त्या रेघेत.

बदनापूर-अंबडकडच्या एखाद्या मोसंबीच्या बागेचा हिशोब मांडू. डीपी, म्हणजे गावचं रोहित्र, चारशे मीटरवर, तिथून विहिरीपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची केबल, विहिरीवर ५ एचपीची मोटर. त्या केबलच्या प्रत्येक तारेत तू सुमारे ३ ओहम आहेस. मोटर चालताना ८ अँपिअर घेते असं धरलं तर एका तारेत २४ व्होल्ट तुझ्या घशात जातात. शक्ती धारेच्या वर्गाला तुझ्यानं गुणून काढायची: ८ गुणिले ८ गुणिले ३, म्हणजे १९२ वॉट, आणि तीन तारांचे मिळून ५७६. मोटर चालेल तोवर अर्ध्याहून जास्त शेगडी जमिनीत पुरून पेटती ठेवल्यासारखंच हे. त्यातून ना चहा होतो, ना झाडाला थेंबभर पाणी मिळतं.

सुरू होताना तर मोटर पाच-सहापट धारा मागते. ४० अँपिअर धरले तरी फेजच्या २४० व्होल्टपैकी १२० तारेतच संपतात. मग मोटर नुसती घुमते, फिरत नाही. इथे तुझं गणित जपून करावं लागतं. चालत्या मोटरचे २४० व्होल्ट ८ अँपिअरनं भागले तर ३० येतात, पण हे ३० म्हणजे तू नव्हेस. वायंडिंगला मीटर लावला तर जेमतेम दोन-चार ओहम दिसतात. उरलेली अडवणूक चुंबकीय क्षेत्राची आणि फिरत्या रोटरची असते. रोटर अडकला की ती अडवणूक बरीचशी जाते, धारा उसळते आणि वायंडिंग जळतं. शिवाय शेगडीसारखं मोटरचं नसतं. व्होल्टेज पडलं की तेवढंच पाणी उपसायला ती जास्त धारा ओढते, म्हणजे तारेत तू आणखी तापतोस आणि व्होल्टेज आणखी पडतं. लोक मोटरला शिव्या देतात, रिवाइंडिंगवाल्याकडे जातात आणि पुन्हा त्याच केबलला जोडतात. १० चौरस मिलिमीटरची केबल घेतली असती तर तू अडीचपट कमी झाला असतास. पण केबलचा पैसा एकदम जातो, तारेतली वीज हळूहळू, म्हणून ती दिसत नाही.

तुला पहिल्यांदा नीट आकड्यात पकडणारा गेओर्ग ओहम हाही शाळामास्तरच. कोलोनमध्ये शिकवत असताना त्यानं प्रयोग केले आणि १८२७ साली पुस्तक छापलं. मायदेशातल्या लोकांनी ते थंडपणे घेतलं, लंडनच्या रॉयल सोसायटीनं मात्र १८४१ साली त्याला कॉपली पदक दिलं. धारेच्या वर्गाची भानगड जेम्स जूलनं त्याच सुमारास दाखवली.

आमच्या शेतकऱ्याच्या कामाचा तो वर्गच. २०१८ साली महावितरणनं उच्चदाब वितरण प्रणाली आणली: ११,००० व्होल्टची लाइन थेट शेतापर्यंत न्यायची आणि एका-दोन शेतकऱ्यांमागे एक छोटं रोहित्र बसवायचं. ४१५ व्होल्टवर ८ अँपिअर लागणारी शक्ती ११,००० वर ०.३ अँपिअरमध्ये भागते. धारा साडेसव्वीसपट कमी झाली, म्हणून तेवढ्याच तारेत तुझा हप्ता सुमारे ७०० पट कमी. कोणाच्याही भाषणापेक्षा मला हा भागाकार जास्त पटतो.

एक जागा मात्र आहे जिथे तुझं वाढणं नुसत्या वाया गेलेल्या विजेवर भागत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात आपण कोळसा-मीठ भरतो, पाणी ओततो आणि विसरतो. मे महिन्यात आमची काळी माती भेगाळते आणि तू तिथे गुपचूप वाढतोस. फेज स्टार्टरच्या लोखंडी पेटीला लागला आणि वाटेत तू २० ओहम असलास, तर २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला ते रोजच्या लोडसारखंच वाटतं. ती पडत नाही, पेटीत करंट तसाच राहतो, आणि पहाटे चारला लाइन आली की ओल्या पायांनी माणूस तिलाच हात लावतो. धारा जमिनीत गळताच पडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असती तर ती तिथल्या तिथे पडली असती. येत्या उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतायचं कोणी विसरलं, तर निदान ती आरसीसीबी पेटीत असू दे, एवढंच सध्या घरोघर सांगत फिरतो आहे.

तुझा,
फळ्यावरच्या रेघेतही तुला शोधणारा एक मास्तर